मुलीच्या सॉकर टीमला कोच नाही. मी कधी फुटबॉल खेळलेलो नाही, तरी नाव देऊ का?

मिरजेचा | ४ ऑगस्ट, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. आम्ही कॅलिफोर्नियात, बे एरियात असतो. मुलगी सात वर्षांची, या महिन्यात दुसरीत जाईल. तिचं नाव इथल्या रिक्रिएशन लीगमध्ये सॉकरसाठी घातलंय, आठ वर्षांखालच्या मुलींच्या गटात. परवा लीगची मेल आली. या टीमसाठी अजून कुणी पालक कोच म्हणून पुढे आलेला नाही. पंधरा तारखेपर्यंत कुणी मिळालं नाही तर जागा असेल तशा मुली इतर टीममध्ये वाटून देऊ आणि उरलेल्यांचे पैसे परत करू, असं त्यात होतं. मुलीने ती मेल माझ्या खांद्यावरून वाचली. आता वाचता येतं तिला. काही बोलली नाही. आत गेली आणि नवे शिन गार्ड (नडगीवर बांधायचे) परत खोक्यात घालून, खोकं कपाटात ठेवून आली.

तेव्हापासून डोक्यात तेच आहे. मी आयुष्यात फुटबॉल खेळलेलो नाही. मिरजेत दहावीपर्यंत खो-खो खेळलो, जिल्ह्यापर्यंत गेलो. आम्हाला शिकवणारे सर शाळेचे शिक्षक नव्हते, एसटीच्या वर्कशॉपमध्ये कामाला होते. ड्युटी संपली की सायकल थेट मैदानावर. हाताला ऑइलचा वास असायचा. आम्ही कुणीही त्यांना कधी एक रुपया दिला नाही, आणि हे ते फुकट करतात हे मला कळलं तेव्हा मी पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. त्यामुळे ती मेल वाचल्यावर पहिली आठवण त्यांचीच झाली.

पण नुसत्या आठवणीवर दुसऱ्यांची सात-आठ मुलं ताब्यात घ्यावीत का, हे समजत नाही. खेळाचे नियम वाचून येतील का? मी एच-१बी व्हिसावर आहे, त्याची काही अडचण? बोटांचे ठसे वगैरे द्यावे लागतात असं ऐकलं, ते कशासाठी? एखादीला लागलं तर जबाबदारी कुणाची? आणि माझं इंग्रजी ऑफिसात चालतं, पण सात वर्षांच्या मुलींना ते कळेल का? बायको म्हणते तू हो म्हण, बाकीचं होतं. इथे कुणी हे केलं असेल तर जसं असेल तसं सांगा.

एडिसनकर | ४ ऑगस्ट, रात्री ११:२५

नाव द्या, उद्याच द्या.

व्हिसाचं आधी सांगतो, कारण मीही तिथेच अडलो होतो. बिनपगारी आणि एरवीही ज्याला कुणी पगार देत नाही असं काम स्वयंसेवक म्हणून करायला एच-१बी आड येत नाही. मी एच-१बीवर असतानाच चार सीझन केले. फक्त मोबदला म्हणून काहीही घेऊ नका. सीझन संपल्यावर पालक वर्गणी काढून पाकीट देतात, ते टीमच्या पिझ्झाला घालायला सांगा. तरी धाकधूक वाटली तर कंपनीच्या वकिलाला एक ओळ टाका.

जबाबदारीचं म्हणाल तर १९९७ चा केंद्राचा कायदा आहे, व्हॉलंटिअर प्रोटेक्शन अ‍ॅक्ट. ना-नफा संस्थेने नेमून दिलेलं काम करताना साधी चूक झाली तर स्वयंसेवकाला वैयक्तिक भरपाईसाठी धरत नाहीत. बेदरकारपणे वागलात तर मात्र तो कायदा वाचवत नाही. आमच्या न्यू जर्सीत याशिवाय राज्याचा कायदा आहे, त्याला लिटल लीग लॉ म्हणतात. त्याचं संरक्षण हवं तर तीन तासांचं सुरक्षिततेचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. रटगर्स विद्यापीठाने तयार केलेलं आहे. मी एका गारठलेल्या शनिवारी शाळेच्या कॅफेटेरियात बसून केलं, आणि उष्माघात कसा ओळखायचा हे तिथे शिकलेलं पुढच्याच ऑगस्टमध्ये उपयोगी पडलं. तुमच्या राज्याचं तिथलं कुणी सांगेल.

आणि एक. ही रिक्रिएशन लीग आहे, ट्रॅव्हल टीम नव्हे. इथे निवडचाचणी नाही, कुणाला बाहेर बसवायचं नाही. जी आली ती आपली.

निळी_शिट्टी | ५ ऑगस्ट, सकाळी ६:१०

मिरजेचा, शिन गार्ड परत खोक्यात गेले हे वाचलं आणि राहवलं नाही. डबे भरायच्या आधी लिहितेय, त्यामुळे विस्कळीत वाटेल.

माझा हा नववा सीझन. पहिल्या सीझनला मी एच-४वर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसावर होते, फुटबॉलची ओळख एवढीच की भाऊ रात्री जागून वर्ल्ड कप बघायचा. मुलाच्या टीमला कोच नव्हता, म्हणून मी. इथे बहुतेकांची सुरुवात अशीच होते. एवायएसओ ही लीग १९६४ मध्ये इथे कॅलिफोर्नियातच, टॉरन्सला नऊ टीमवर सुरू झाली, तीही स्वयंसेवकांच्या जिवावर, आणि अजून तशीच चालते. त्यांचा एक नियम मला फार आवडतो: प्रत्येक मूल प्रत्येक मॅचमध्ये किमान अर्धा वेळ खेळलंच पाहिजे. तुमची लीग दुसरी असली तरी हा नियम आहे का ते विचारा, आणि नसला तरी पाळा.

ठशांचं: कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२२ पासून एबी ५०६ हा कायदा लागू आहे. मुलांच्या संस्थेत ज्या स्वयंसेवकाचा मुलांशी थेट संबंध महिन्याला १६ तासांपेक्षा किंवा वर्षाला ३२ तासांपेक्षा जास्त येतो, त्याने ठसे देऊन तपासणी करून घ्यायची. त्याला इथे लाइव्ह स्कॅन म्हणतात. कुरिअरच्या दुकानातसुद्धा होतं, दहा मिनिटांचं काम आहे. लीगकडून फॉर्म घेऊनच जा, आणि दुकानाची फी कोण भरणार ते आधी विचारा. मुलांवरचा अत्याचार कसा ओळखायचा, कुठे कळवायचा याचं प्रशिक्षणही त्याच कायद्याने सक्तीचं आहे. शिवाय खेळात मुलांचं शोषण कसं रोखायचं याचा सेफस्पोर्टचा कोर्स, डोक्याला मार लागला तर काय करायचं त्याचा कोर्स, अचानक हृदय बंद पडण्यावरचा कोर्स. सगळे ऑनलाइन. सगळं मिळून दोन-तीन संध्याकाळी जातात.

हे कोर्स उरकायचे म्हणून उरकू नका. मी सेफस्पोर्टचा कोर्स पोळ्या झाल्यावर, ओटा पुसून, रात्री लॅपटॉपवर केला आणि त्या रात्री मला झोप आली नाही. त्यानंतर मैदानाकडे बघायची माझी नजर बदलली. नियम साधे आहेत: कुठल्याही मुलाबरोबर एकटं राहायचं नाही, गाडीत बसवायचं नाही, पालकांना वगळून मुलाला वेगळा मेसेज करायचा नाही. ते आपल्याला आधी परके वाटतात. तुमच्या सरांनी कितीतरी पोरांना सायकलच्या दांडीवर बसवून घरी सोडलं असेल. इथे तसं नाही. गेल्या नोव्हेंबरमध्ये एका मुलीचे बाबा चाळीस मिनिटं उशिरा आले, हायवेवर अपघात होता. हिवाळ्यासाठी इथली घड्याळं तासभर मागे गेली होती, साडेपाचलाच काळोख. तिचं घर माझ्या वाटेवर होतं. तरी मी आणि दुसऱ्या मुलीची आई, आम्ही दोघी तिथेच थांबलो, पार्किंगमधल्या दिव्याखाली, माझं जॅकेट तिच्या अंगावर. बाबा आले ते डोळ्यांत पाणी घेऊन. म्हणून पहिल्याच मेलमध्ये पालकांना विचारा की प्रॅक्टिस संपेपर्यंत माझ्याबरोबर रोज कोण थांबेल. कायदाही तेच सांगतो, शक्यतो दोन प्रौढ हवेत.

आता खेळ. आठ वर्षांखाली चारास चार खेळतात. गोलकीपर नाही, ऑफसाइड नाही. मैदान फार तर ३५ यार्ड लांब. दहा-दहा मिनिटांचे चार भाग. चेंडू तीन नंबरचा. दहा वर्षांपर्यंत डोक्याने चेंडू मारायला बंदी आहे, यूएस सॉकरने २०१५ मध्ये जाहीर केली. बास, एवढे नियम आले की तुम्ही तयार आहात. पोझिशन शिकवू नका. सात वर्षांच्या मुली गुळाला मुंगळे लागावेत तशा चेंडूला लागतात, आणि पालक काठावरून 'पांगा, पांगा' ओरडतात. पांगत नाहीत, त्या वयात ते व्हायचंच. त्या घोळक्यातून जी चेंडू घेऊन बाहेर निसटते ना, ती काहीतरी शिकली.

चेंडूच्या नंबरावरून आठवलं. माझ्या तिसऱ्या सीझनमध्ये एक मुलगी होती. प्रॅक्टिस सुरू झाली की रेषेजवळ उकिडवी बसायची आणि गवतातली पांढरी फुलं तोडायची. मी आधी चुचकारलं, मग जरा आवाज चढवला (त्याचं अजून वाईट वाटतं). तिसऱ्या आठवड्यात मी तिच्याशेजारी तशीच उकिडवी बसले आणि काहीच बोलले नाही. थोड्या वेळाने तीच म्हणाली, पाय दुखतो. बूट काढून बघितला, काही नव्हतं. मग तिने आणलेला चेंडू हातात घेतला. पाच नंबरचा, दादाचा जुना, दगडासारखा फुगवलेला. मोठ्यांचा चेंडू ४१० ते ४५० ग्रॅमचा असतो. ते पोर घरी रोज त्याला लाथ मारत होतं आणि रोज त्याचा अंगठा ठणकत होता. मी माझा तीन नंबरचा दिला, त्यातलीही थोडी हवा सोडली. ती लगेच उठून मॅच गाजवायला लागली असं नाही. पण फुलं तोडणं थांबलं. तेव्हापासून पहिल्या दिवशी मी सगळ्यांचे चेंडू स्वतः दाबून बघते. पंप आणि सुई पिशवीत ठेवा, जास्तीच्या नाड्या ठेवा, बर्फाची पाकिटं ठेवा, आणि पालकांनी सही केलेले वैद्यकीय फॉर्म मॅचच्या दिवशीच नाही, प्रॅक्टिसलाही जवळ हवेत.

इंग्रजीची काळजी सोडा. या वयाची मुलं ऐकत नाहीत, बघतात. तीस सेकंदांच्या वर बोलू नका, करून दाखवा.

डबे भरायचेत. आणखी काही असेल तर विचारा.

जुना_खांब | ५ ऑगस्ट, दुपारी २:०५

मी सांगली जिल्ह्यातलाच. बत्तीस वर्षं मंडळात मुलांचा खो-खो घेतला, आता गुडघे धरलेत म्हणून बाकावर बसून घेतो. फुटबॉल मला कळत नाही, पण पोरं कळतात.

मिरजेकर, तुम्ही म्हणता काही येत नाही. खो-खोत हूल काय असते? डावा खांदा टाकायचा, समोरचा त्या बाजूला झुकला की उजवीकडून निघायचं. पायात चेंडू असला म्हणून हूल बदलत नाही. झुकांडी बदलत नाही. आक्रमकाच्या डोळ्यांकडे न बघता कमरेकडे बघायचं, हे तुमच्या सरांनी सांगितलंच असेल, तेच सांगा. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला वर्ल्ड कप झाला, आपले पुरुष आणि महिला दोन्ही संघ जिंकले. मंडळातल्या पोरांना मी ते सामने दाखवले तेव्हा खांबावर वळणारे पाय थांबवून थांबवून दाखवले. त्या वळण्यावर सगळं आहे, कुठलाही खेळ घ्या.

मात्र एक सांगतो. आधी शिस्त. आल्याबरोबर मैदानाला पाच फेऱ्या, मग रांगेत उभं करून एकेकाला. पहिल्या आठवड्यात ढिलं सोडलं की पुढे हातात येत नाहीत.

निळी_शिट्टी | ५ ऑगस्ट, दुपारी ४:३०

काका, हूल आणि झुकांडीचं वाचून मीच पुढच्या प्रॅक्टिसला वापरायचं ठरवलं. पण फेऱ्या आणि रांग यावर मी तुमच्याशी सहमत नाही, आणि नम्रपणे पण ठामपणे सांगते.

तुमच्याकडे मुलं रोज येतात, वर्षभर येतात. इथे आठवड्यातून एकदा एक तास, असे फार तर दहा आठवडे. त्यातली दहा मिनिटं फेऱ्यांत आणि वीस मिनिटं रांगेत गेली तर पोरीच्या पायाला चेंडू लागणार कधी? रांगेत उभी राहिलेली सात वर्षांची मुलगी पुढचीची वेणी ओढते, त्यात तिचा काय दोष? इथे कोचिंग शिकवतानाही हेच सांगतात: रांगा नकोत, फेऱ्या नकोत, भाषणं नकोत. मुली येतील तशा लगेच दोनास दोन खेळायला लावायच्या, मध्ये एक गोष्ट शिकवायची, शेवटी पुन्हा मॅच. यूएस सॉकर याला खेळ, सराव, खेळ असं म्हणतं. प्रत्येकीकडे स्वतःचा चेंडू.

शिस्त मला पण हवी. मी ती अशी लावते: शिट्टी वाजली की चेंडूवर पाय ठेवून उभं राहायचं. त्याचाही खेळ करते.

मिरजेचा, तुम्हाला आयतं देते. विषामृत खेळायचं, पण प्रत्येकीच्या पायात चेंडू. जिला 'विष' मिळालं तिने चेंडू डोक्यावर धरून पाय फाकून उभं राहायचं. दुसरीने तिच्या पायांमधून आपला चेंडू घातला की 'अमृत'. पंधरा मिनिटांत पन्नास पास होतात आणि कुणाला कळतही नाही की सराव चाललाय.

जुना_खांब | ५ ऑगस्ट, संध्याकाळी ७:५०

दहा तास म्हटल्यावर तुमचं बरोबर आहे. माझ्या डोक्यात रोजचं मैदान होतं. विषामृताचं आमच्या लहान गटाला उद्या लावून बघतो, चेंडूशिवाय.

मिरजेचा | २१ सप्टेंबर, रात्री ९:१५

धागा वर काढतोय. दुसऱ्याच दिवशी नाव दिलं. ठसे, कोर्स सगळं झालं. निळी_शिट्टी, सेफस्पोर्टबद्दल तुम्ही लिहिलं होतं तसंच झालं, मध्येच लॅपटॉप बंद करून मुलीच्या खोलीत जाऊन बसलो थोडा वेळ.

सात मुली आहेत. चार प्रॅक्टिस झाल्या, काल तिसरी मॅच झाली. पहिल्या प्रॅक्टिसला मी एक कागद लिहून नेला होता, मिनिटामिनिटाचा. दहाव्या मिनिटाला तो उडून शेजारच्या मैदानात गेला आणि सातही जणी चेंडू टाकून त्याच्यामागे धावल्या. पकडून आणला, माझ्या हातात दिला, आणि सगळ्या इतक्या खूष होत्या की मी तो पुन्हा सोडून दिला. त्यांना पळायला कागद पुरतो हे कळल्यावर मी तो खिशात घातला, विषामृत लावलं. त्याला त्या 'व्हिश' म्हणतात. आता गाडीतून उतरतानाच ओरडत येतात, कोच, व्हिश! तीन मुलींच्या चेंडूंचे नंबर चुकीचे होते. बदलले.

एका वडिलांचं सांगायचंय. दुसऱ्या मॅचला ते काठावरून मुलीला सारखे ओरडून सांगत होते, मार, पुढे जा, बघतेस काय. मुलगी चेंडूकडे बघण्याऐवजी त्यांच्याकडे बघत होती. मला काय बोलावं सुचेना. मॅचनंतर मी त्यांना म्हटलं, पुढच्या शनिवारी माझ्याबरोबर आत उभे राहाल का, मुली बदलताना वेळ लिहायला मला माणूस हवाय. काल ते आले. हातात तक्ता, कोण किती मिनिटं खेळली याच्या खुणा. ओरडायला वेळच नव्हता. मॅच संपल्यावर त्यांनी तक्ता मला दाखवला, सगळ्या मुली सारख्या खेळल्या होत्या, फक्त त्यांची स्वतःची पाच मिनिटं कमी होती. म्हणाले, पुढच्या वेळी भरून काढू.

काका, हूल शिकवली. मुलींना शब्दच आवडला. काल माझ्या मुलीने घोळक्यातून चेंडू बाहेर काढला, समोर एक उंच मुलगी आली, हिने डावा खांदा टाकला. खांदा टाकला तो अगदी आमच्या सरांसारखा, मान थोडी आधी. ती लकब मी तिला शिकवली नव्हती, माझ्याच अंगात ती तशी आहे हे मला माहीत नव्हतं. उजवीकडून निघाली. पुढे चेंडू रेषेबाहेर गेला.

सरांचा नंबर गावाकडून मिळवलाय. तिकडे आता सकाळ झालीय, लावतो.

एक प्रश्न राहिला. ऑक्टोबरमध्ये दोन मुली दिवाळीला भारतात जाणार आहेत, म्हणजे दोन शनिवार पाचच जणी. चारास चार, बदली एकच. उन्हात झेपेल का, की लीगला सांगून दुसऱ्या टीमकडून मुली मागवू? पाणी प्यायला जादा थांबायची परवानगी रेफरीकडे आधी मागावी लागते का?

निळी_शिट्टी | २१ सप्टेंबर, रात्री ९:४०

पाच जणी पुरतात, प्रत्येकीला भरपूर खेळायला मिळेल. रेफरीला मॅचआधी जाऊन सांगा, ऊन असेल तर प्रत्येक भागाच्या मध्ये पाण्यासाठी थांबवतात. आणि तरीही समोरच्या कोचला फोन करून ठेवा, त्यांच्याकडच्या एक-दोघी त्या दिवशी तुमच्याकडून खेळतील का म्हणून. बहुतेक हो म्हणतात. सरांशी काय बोलणं झालं ते मात्र इथे लिहा.